सिंहगड रस्त्याच्या कोंडीचा ‘अभ्यास’ करण्याआधी: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका

प्रत माहितीसाठी: मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक), पुणे शहर, मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, पीएमपीएमएल

विषय: सिंहगड रस्त्यावरील वाहतूक कोंडीच्या अभ्यासासाठी सल्लागार नेमताना निविदेत काय असावे, आणि त्याची वाट न पाहता आजच काय करता येईल

महोदय,

सिंहगड रस्त्यावर राजाराम पूल ते फनटाइम थिएटर या पट्ट्यात २०२४ आणि २०२५ मध्ये तीन टप्प्यांत उड्डाणपूल खुले झाले. खर्च सुमारे ११८ कोटी रुपये. पुलावरून थेट जाणाऱ्याची मधल्या सिग्नलपासून सुटका झाली, हे मान्य. पण पूल जिथे उतरतात तिथे, पुलाखालच्या चौकांत आणि पुढे वडगाव पूल ते धायरी फाटा या भागात संध्याकाळी काय चालते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि आपल्या शहराची रीत पाहता पुढची पायरीही ठरलेली आहे: तज्ज्ञ सल्लागार. प्रस्ताव, स्थायी समिती, निविदा, सहा महिन्यांची मुदत, मुदतवाढ, रंगीत नकाशांचा अहवाल, आणि अहवालाच्या शेवटी आणखी एक पूल.

सल्लागार नेमायला आमचा विरोध नाही. आम्ही या रस्त्यालगत हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग, वडगाव, धायरी इथे राहणारे लोक आहोत, आणि आमच्यातल्या काहींचा व्यवसायच वाहनगणना, सिग्नलची आखणी आणि रस्तेबांधणी हा आहे. असे अहवाल कसे तयार होतात ते आम्हाला आतून ठाऊक आहे. सल्लागार तेच उत्तर देतो जे त्याला विचारले जाते. आमची तक्रार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाबद्दल आहे, आणि विचारण्याआधी न केलेल्या कामांबद्दल.

आधी रस्त्याविषयी, कारण निविदा लिहिणारे बरेचदा ‘शहरातील एक प्रमुख रस्ता’ एवढ्यावर भागवतात. सिंहगड रस्त्याच्या एका अंगाला मुठा नदी, दुसऱ्या अंगाला कालवा आणि त्यामागे पर्वती-तळजाईच्या टेकड्या. मधल्या चिंचोळ्या पट्टीत लाखो लोकांना पुरेल असा हाच एक रस्ता. समांतर म्हणावा असा दुसरा मोठा रस्ता नाही. कालव्यालगतचा रस्ता थोडा भार उचलतो, पण तो मुख्य रस्त्याची जागा घेऊ शकत नाही. नदीपात्रातून विठ्ठलवाडी ते बायपास (मुंबई–बंगळुरू महामार्ग) असा रस्ता काढून पाहिला. तो राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे टिकला नाही. नदी ओलांडायची तर राजाराम पुलानंतर थेट बायपासचा वारजे पूल. सनसिटी ते कर्वेनगर पूल झाल्यावर हे गणित बदलेल. म्हणजे इथे एखाद्या चौकात काही अडले तर वाहन बाजूच्या गल्लीतून निघून जाऊ शकत नाही. ते रांगेतच उभे राहते, आणि रांग मागच्या चौकात घुसते. त्यामुळे एकेका चौकाचा सुटा अभ्यास इथे निरुपयोगी आहे. दांडेकर पूल ते नांदेड सिटी हा पट्टा एकच घटक धरावा लागेल.

आता तक्रारी.

पहिली तक्रार आधीच्या कागदांची. शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा २००८ चा. त्यानंतर महानगर प्रदेशासाठीही आराखडे झाले. पादचारी धोरण २०१६ चे. सायकल आराखडा २०१७ चा. पार्किंग धोरण २०१८ मध्ये मुख्य सभेने मंजूर केले, पाच रस्त्यांवर प्रयोग करायचे ठरले आणि प्रकरण तिथेच थांबले. नगर रस्त्यावरचा बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव, मार्ग २०१६ ला सुरू झाला आणि २०२३ ला काढायला घेतला. यातल्या कोणत्या शिफारशी सिंहगड रस्त्याला लागू होत्या, कोणत्या अमलात आल्या आणि कोणत्या का सोडल्या, याचा एक पानी हिशेब महापालिकेने प्रसिद्ध केला तर नव्या सल्लागाराचे निम्मे काम वाचेल. तो हिशेब कोणी मागत नाही, म्हणून होत नाही.

दुसरी तक्रार प्रश्नाची. अशा निविदांत ‘वाहनांचे प्रमाण व रस्त्याची क्षमता यांचा अभ्यास’ असे वाक्य असते. वाहने मोजायची ती पीसीयूमध्ये, म्हणजे प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या तुलनेत किती ओझे ते धरून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०६ मध्ये, दुचाकीला ०.५ किंवा ०.७५ असे मूल्य आहे. वाहतुकीत दुचाकींचा वाटा १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५. पुण्यात तो वाटा कितीतरी जास्त आहे, म्हणून ०.७५ लावतात. पण २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने आलेल्या इंडो-एचसीएममध्ये, म्हणजे भारतीय रस्त्यांची क्षमता ठरवण्याच्या मार्गदर्शिकेत, दुचाकीचे मूल्य त्याहून कमी आहे. फरक किती पडतो पाहा. समजा एका दिशेने तासाला ३,००० दुचाकी जातात. ०.७५ ने २,२५० पीसीयू, ०.५ नेच धरले तरी १,५००. फरक ७५० चा. आणि आयआरसी १०६ नुसार सहा पदरी दुभाजित मुख्य रस्त्याचे दोन्ही दिशांचे मिळून आखणीसाठी धरायचे प्रमाण तासाला ५,४०० पीसीयू, म्हणजे एका मार्गिकेला ९००. केवळ कोणते कोष्टक उघडले यावर जवळपास एक अख्खी मार्गिका ‘कमी पडते’ किंवा ‘पुरते’! अहवालाच्या कितव्या तरी परिशिष्टात दडलेला हा आकडा शेवटी पुलाची शिफारस ठरवतो, आणि स्थायी समितीत त्यावर कोणी एक प्रश्न विचारत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की पीसीयूमध्ये माणसे दिसतच नाहीत. बसला आयआरसीतले सर्वात जड मूल्य, ३.७, लावा. तीत ५० प्रवासी असतील तर माणशी ओझे ०.०७. दुचाकीवर सरासरी सव्वा माणूस धरला तर माणशी ०.६. मोटारीत दीड माणूस धरला तर माणशी ०.६७. म्हणजे बसमधल्या माणसापेक्षा दुचाकीवरचा किंवा मोटारीतला माणूस रस्त्याची आठ-नऊपट जागा खातो. ‘वाहनांऐवजी माणसांची वाहतूक’ हे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात २००६ पासून लिहिलेले आहे. निविदेत मात्र माणसे मोजण्याची अट नसते, म्हणून अहवालातही माणसे नसतात.

तिसरी तक्रार मोजण्याच्या पद्धतीची. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा अहवाल याच पायावर उभा असतो.

कोंडीच्या वेळी सिग्नलच्या स्टॉपलाइनवर उभे राहून वाहने मोजली तर जो आकडा येतो तो मागणीचा नसतो, त्या चौकातून जेवढे सुटू शकले तेवढ्याचा असतो. नळाखाली बादली लावून वाड्याला किती पाणी लागते हे ठरवण्यासारखेच हे. उलट, कोंडी जितकी घट्ट तितकी मोजणी कमी भरते. म्हणून अहवालात ‘सर्वाधिक गर्दीचा तास’ बरेचदा कोंडी सुरू होण्याच्या आधीचा निघतो आणि खरा वाईट तास आकड्यांत शांत दिसतो. यावर उपाय सोपा आहे. रांगेच्या शेपटीशी, जिथे वाहने येऊन थांबतात तिथे, येणारी वाहने मोजायची. दर १५ मिनिटांनी रांगेची लांबी मीटरमध्ये नोंदवायची. आणि एका वाहनाला चौक पार करायला किती सिग्नल थांबावे लागले ते लिहायचे. एकाहून जास्त सिग्नल थांबावे लागत असेल तर तो चौक त्या वेळी नापास.

दुसरे, चार बाजूंच्या एका चौकात डावीकडे, सरळ, उजवीकडे असे १२ प्रवाह आणि यू-टर्न धरून १६ होतात. वाहनांचे आठ प्रकार धरले तर दर पंधरा मिनिटांना १२८ रकाने भरायचे. सर्वात कमी दराची निविदा जिंकणारी संस्था हे काम रोजंदारीवरच्या दोन मुलांना पॅड-पेन देऊन करून घेते. तासाभराने रकाने अंदाजाने भरले जातात, यात त्या मुलांचा दोष नाही. खांबावर उंच बसवलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण, त्यावरून मोजणी, आणि महापालिकेच्या अभियंत्याने त्यातल्या ५ टक्के तुकड्यांची स्वतः फेरमोजणी, याला पर्याय नाही.

दिवस कोणते निवडायचे हेही निविदेत लिहावे लागते, नाहीतर सल्लागार आपल्या सोयीचे घेतो. मे महिन्यात शाळा बंद असतात. तेव्हा मोजले तर सकाळची गर्दी अर्धी हरवते. दिवाळीचा आठवडा, गणेशोत्सवाचे दहा दिवस वगळा. शाळा सुरू झाल्यावरचे मंगळवार, बुधवार, गुरुवार घ्या. पण शनिवार-रविवारही सोडू नका. सिंहगड, खडकवासला, पानशेत यांच्याकडे पावसाळ्यात जाणारी गर्दी हे या रस्त्याचे वेगळे दुखणे आहे. तिची दिशा, वेळ आणि वाहनांचे मिश्रण आठवड्यातल्या दिवसांपेक्षा निराळे असते. दोन्हींची सरासरी काढली तर आकडा कोणत्याच दिवसाचा राहत नाही.

तिसरे, कोण कुठून कुठे जाते याचा पत्ता. वाहने थांबवून प्रश्न विचारण्याचा सर्वे या रस्त्यावर शक्य नाही. सर्वेच कोंडी करील. त्याऐवजी राजाराम पूल, वडगाव पूल आणि धायरी फाटा इथे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे लावून फक्त शेवटचे चार आकडे आणि वेळ नोंदवली तरी आरपार जाणारी वाहने किती, मध्येच वळणारी किती, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्यक्षात किती मिनिटे लागतात, हे तिन्ही कळते. आरपार वाहतूक कमी आणि मध्ये वळणारी जास्त निघाली, तर पुलाने फार फरक का पडत नाही याचे उत्तरही तिथेच मिळते.

चौथी तक्रार संगणकातल्या चित्राची. हल्ली प्रत्येक अहवालासोबत रंगीत गाड्या धावणारे सादरीकरण असते, ‘आत्ता’ लाल आणि ‘पुलानंतर’ हिरवे. बघायला छान असते. पण प्रतिकृती प्रत्यक्षाशी जुळते का, हे आधी दाखवावे लागते. त्यासाठी जीईएच नावाची साधी कसोटी जगभर वापरतात: प्रतिकृतीतला आणि मोजलेला आकडा यांच्यातल्या फरकाचा वर्ग घ्यायचा, त्याची दुप्पट करायची, दोन्ही आकड्यांच्या बेरजेने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. उत्तर ५ च्या आत हवे, आणि निदान ८५ टक्के ठिकाणी हवे. उदाहरणार्थ प्रतिकृती २,००० म्हणते आणि मोजणीत १,८०० आहेत, तर जीईएच सुमारे ४.६, चालेल. हे कोष्टक अहवालात नसेल तर ते सादरीकरण म्हणजे कार्टून समजावे. शिवाय परदेशी मार्गिका-शिस्तीवर बेतलेले सॉफ्टवेअर जसेच्या तसे चालवले, तर सिग्नलला मोटारींच्या मधून पुढे येऊन थांबणाऱ्या दुचाकी त्यात येतच नाहीत. आपल्या चौकांत हिरव्या दिव्याचे पहिले काही सेकंद त्याच दुचाकींचे असतात.

पाचवी तक्रार पैशाच्या रचनेची, आणि ही सगळ्यात अवघड. जो सल्लागार अभ्यास करतो त्यालाच पुढे पुलाचा आराखडा आणि देखरेखीचे काम मिळण्याची शक्यता असेल, आणि त्याचे शुल्क प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीत असेल, तर ‘दोन दुभाजक बंद करा आणि बसथांबा चाळीस मीटर पुढे सरकवा’ अशी शिफारस करून तो आपल्याच पोटावर पाय आणेल का? आम्ही कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. रचनाच अशी आहे की स्वस्त उत्तराला वाली उरत नाही.

मोठ्या उत्तराची किंमत काय असते याचे उदाहरण शहरातच आहे. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल बांधून दीड दशक होते न होते तोच २०२० मध्ये पाडावे लागले, कारण शिवाजीनगर–हिंजवडी मेट्रो आणि तिच्याखालचा नवा पूल त्यांच्यासोबत बसत नव्हते. सिंहगड रस्त्यावरूनही खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी या मेट्रोचा मार्ग आखलेला आहे. त्याचे काम सुरू झाले की रस्त्याच्या मधोमध बॅरिकेड लागतील आणि आज केलेली वाहनगणना जुनी होईल. म्हणून जो अभ्यास करायचा तो बांधकामाच्या काळातली वाहतूक कशी वळवायची यासाठीही उपयोगी पडला पाहिजे. नाहीतर २०२६ चे आकडे घेऊन २०३० चा पूल आखायचा आणि मध्ये मेट्रोचे खांब.

पूल उतरतो तिथल्या गणितावर एवढेच: वरच्या दोन आणि खालच्या दोन मिळून चार मार्गिका तीनमध्ये मिळत असतील, तर चारही भरलेल्या असताना त्यातला चौथा हिस्सा थांबणारच. तो पुलावर थांबतो की खाली, एवढाच प्रश्न उरतो. मिळण्याच्या जागेनंतर लगेच बसथांबा, दुभाजकातले पंक्चर (वळण्यासाठी सोडलेली फट) किंवा सोसायटीचे फाटक असेल तर तीनचीही दोन होतात. हे पाहायला सल्लागार लागत नाही, संध्याकाळी सातला तिथे जाऊन उभे राहावे लागते.

सहावी तक्रार, आणि आमच्या मते मुख्य: अभ्यासाच्या नावाखाली रोजची कामे लांबवली जातात.

सिग्नलच्या बाहूचे, म्हणजे चौकाला येऊन मिळणाऱ्या एका बाजूच्या रस्त्याचे, गणित घ्या. हिरवा दिवा असताना तासाला किती पीसीयू सुटतील याचा जुना ढोबळ नियम असा: रुंदी मीटरमध्ये गुणिले ५२५. साडेदहा मीटर रुंद बाहूवर ५,५१२. त्या बाहूच्या कडेला स्टॉपलाइनपर्यंत मोटारी, टेम्पो, हातगाड्या लागल्या आणि साडेतीन मीटरची एक मार्गिका गेली, तर उरतात ३,६७५. तिसरा हिस्सा गायब. हिरवा वेळ एकूण चक्राच्या ४० टक्के असेल तर तासाला सुमारे ७३५ पीसीयूंचे नुकसान, म्हणजे पुन्हा जवळपास एक मार्गिका. ही मार्गिका रंग, खांब आणि एक टोइंग व्हॅन एवढ्यात परत मिळते. अट एकच, कारवाई आठवड्यातून एकदा फोटोपुरती न होता रोज सायंकाळी साडेपाच ते नऊ झाली पाहिजे.

सिग्नलचे चक्र घ्या. चक्र किती सेकंदांचे असावे यासाठी वेबस्टरचे सूत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकवतात: वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट अधिक ५, भागिले १ वजा प्रवाहांच्या भाराची बेरीज. भार म्हणजे येणारी वाहने भागिले सलग हिरवा असता तर सुटू शकणारी वाहने. चार टप्प्यांच्या चौकात प्रत्येक टप्प्याला चार सेकंद वाया धरा, एकूण १६, भार ०.८ असेल तर चक्र १४५ सेकंद. आता एक उजवे वळण बंद करून पुढच्या सुरक्षित यू-टर्नवर नेले आणि टप्पे तीन झाले. वाया १२, भार समजा ०.७. चक्र ७७ सेकंद. थांबण्याचा वेळ जवळजवळ निम्मा. पण यू-टर्नची जागा नीट निवडावी लागते. वळणाऱ्या गाड्यांच्या रांगेला दुभाजकालगत वेगळी जागा नसेल तर कोंडी एका चौकातून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवली एवढेच होते. शहरात हे अनेकदा झाले आहे. चौक ‘मोकळा’ दाखवायचा आणि दोनशे मीटर पुढचा यू-टर्न कोणी पाहायचा नाही.

लागोपाठच्या सिग्नलांची सांगड हा आणखी एक विषय. चौकांतले अंतर ४०० मीटर आणि वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर पुढचा दिवा ४८ सेकंदांनी हिरवा व्हायला हवा. मात्र गर्दीच्या वेळी पोलीस कर्मचारी सिग्नल हाताने चालवतात तेव्हा ही सांगड तुटते, आणि त्या काळाची कुठेही नोंद राहत नाही. त्यांचा नाइलाज समजतो. पुढचा चौक भरलेला दिसत असताना यंत्राच्या भरवशावर सोडता येत नाही. पण किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत सिग्नल हाती घेतला, एवढी नोंद रोज ठेवली तर यंत्राची वेळ कुठे चुकते ते फुकटात कळेल.

बस आणि पायी चालणारे यांच्याबद्दल थोडक्यात, कारण यावर धोरणे लिहून झालीच आहेत. बसथांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर बस हिरव्यातही अडते आणि मागच्यांनाही अडवते. तो पलीकडे न्यावा. थांब्यापाशी रिक्षा उभ्या राहतात म्हणून बस दुसऱ्या मार्गिकेत थांबते, म्हणून प्रवासी रस्त्यात उतरतात, म्हणून मागची सगळी वाहतूक थांबते. रिक्षाथांब्याला थांब्याच्या पुढे वेगळी, रंगवलेली जागा द्या, हाकलून काही होत नाही. फुटपाथ आयआरसी १०३ नुसार किमान १.८ मीटर मोकळा आणि १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसलेला हवा. डीपी, केबलची खोकी, जाहिरातीचे खांब त्यात मोजू नयेत. आणि साडेदहा मीटर ओलांडायला सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीला १३ सेकंद लागतात. पुलाच्या खांबांमध्ये दुभाजकावर थांबायला जागा आहे, पण खांबाआडून येणारी दुचाकी तिला दिसत नाही आणि दुचाकीला ती. त्या ठिकाणी झेब्रा खांबापासून पुढे सरकवणे आणि वेग कमी करणारा उंचवटा देणे, एवढे काम आहे.

चेंबरची झाकणे हा पुणेकरांचा जुना विषय, त्यामुळे एक वाक्य: डांबराचा नवा थर टाकताना झाकण त्याच रात्री वर घेतले नाही तर दुचाकी त्याला वळसा घालतात आणि तीन मार्गिकांच्या अडीच होतात.

सातवी तक्रार रस्त्याच्या वरच्या टोकाची. धायरी २०१७ मध्ये, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. तिथे मंजूर होणारा प्रत्येक मोठा गृहप्रकल्प सकाळी याच रस्त्यावर उतरतो. बांधकाम परवानगी एक खाते देते, रस्ता दुसरे पाहते, सिग्नल पोलिसांकडे, बस पीएमपीएमएलकडे, मेट्रो महामेट्रोकडे, कालवा पाटबंधारे खात्याकडे. सल्लागाराच्या अहवालावर सही मात्र एकाच खात्याची असते, म्हणून बाकीच्यांना तो वाचायचेही कारण उरत नाही.

आमच्या मागण्या अशा:

निविदा निघण्याच्या ३० दिवस आधी तिचा मसुदा महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत टाका आणि लेखी हरकती-सूचना घ्या.

निविदेतला मुख्य प्रश्न बदला. ‘गर्दीच्या तासात दांडेकर पूल ते नांदेड सिटी या पट्ट्यातून दोन्ही दिशांनी जास्तीत जास्त माणसे कमीत कमी वेळात आणि सुरक्षितपणे कशी नेता येतील’, हा प्रश्न असावा. वाहनसंख्या, प्रवासीसंख्या, रांगेची लांबी आणि प्रवासाचा वेळ हे चारही मोजणे बंधनकारक करा. पीसीयूसाठी आयआरसी १०६ आणि इंडो-एचसीएम अशी दोन्ही कोष्टके वापरून निकाल शेजारी-शेजारी दाखवा.

बांधकामाविना पर्याय हा पहिला पर्याय म्हणून तपासला जावा: पार्किंग, सिग्नल, बसथांबे, वळणे, दुभाजक, बसच्या फेऱ्या. त्याने किती सुधारणा होते हे आकड्यांत मांडल्याशिवाय पुलाचा किंवा भुयारी मार्गाचा पर्याय अहवालात येऊ नये. सनसिटी–कर्वेनगर पूल आणि मेट्रोचे बांधकाम हे दोन्ही धरूनच पुढचे अंदाज काढावेत.

अभ्यास करणाऱ्या संस्थेला त्याच रस्त्यावरच्या पुढच्या कोणत्याही बांधकामाचे आराखडे किंवा देखरेख मिळणार नाही, अशी अट घाला. शुल्क ठोक रकमेत असावे, टक्केवारीत नको. निवड फक्त कमी दरावर न करता गुणवत्तेला जास्त भार द्या. शुल्काचा २० टक्के हिस्सा शिफारशी अमलात आल्यावर सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने फेरमोजणी केल्यावर द्या.

कच्ची माहिती, चित्रण आणि संगणकीय प्रतिकृतीची मूळ फाइल महापालिकेच्या मालकीची राहील आणि आकड्यांचे तक्ते संकेतस्थळावर येतील, असे करारात लिहा. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार असे कागद स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षितच आहे. अर्ज करायला लावू नका. नंबरप्लेटची माहिती मात्र काम झाल्यावर पुसून टाकावी.

आणि सल्लागाराची वाट न पाहता ९० दिवसांत: राजाराम पूल ते धायरी फाटा या पट्ट्यातल्या प्रत्येक सिग्नलच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर पार्किंगबंदी रंगवून रोज संध्याकाळी कारवाई, सिग्नलच्या अलीकडचे बसथांबे पलीकडे, रिक्षाथांब्यांना आखीव जागा, पूल उतरण्याच्या जागेपासून १०० मीटरमधली दुभाजकातली पंक्चरे बंद, चेंबर समपातळीत, सिग्नल हाताने चालवल्याची रोजची नोंद. या कामांआधी आणि नंतर एकेक आठवडा प्रवासाचा वेळ मोजा. पथ विभाग, वाहतूक पोलीस आणि पीएमपीएमएल यांच्या प्रत्येकी एका अधिकाऱ्याचे पदनाम या यादीपुढे लिहा, म्हणजे विचारायचे कोणाला हे कळेल.

या ९० दिवसांचा तक्ता हातात आल्यावर सल्लागाराच्या निविदेत काय उरते ते आपण एकत्र बसून ठरवू. मोजणीच्या आठवड्यात चौकाचौकांत उभे राहून महापालिकेच्या आकड्यांची समांतर पडताळणी करायला आम्ही तयार आहोत; तशी परवानगी या पत्राच्या उत्तरात द्यावी.

कळावे,

सिंहगड रस्ता परिसरातील रहिवासी
पुणे